आजोबांचे वाघ

सुमनताई,
मी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना जपानी शिकले, दुभाषी झाले आणि पुढे तिथलीच झाले. ओसाका आणि कोबे यांच्या मधल्या निशिनोमियात आमचं घर आहे. सासऱ्यांना आम्ही ओतोसान म्हणतो, वय ७६. हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचं त्यांना लहानपणापासून वेड आणि हा संघ हरण्यासाठीच प्रसिद्ध. आता ते वेड त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला लावलंय. गेल्या ऑक्टोबरात टायगर्स जपान सिरीज हरले त्या रात्री पोरगा जेवला नाही, बारापर्यंत हुंदके देत होता. पुढच्याच आठवड्यात वर्गातला एक जायंट्सवाला (दुसऱ्या संघाचा चाहता) मुलगा त्याला 'आमच्या बावीस ट्रॉफ्या, तुमच्या दोन' म्हणाला. यानं त्याला आजोबांकडून उचललेली शिवी हासडली आणि त्याची टोपी गटारात फेकली. बाईंची चिठ्ठी आली. ती वाचून ओतोसान हसले. नवरा म्हणतो, 'इथे सगळ्यांचं असंच असतं.' दर शनिवारी मी लेकाला ऑनलाइन मराठी शाळेत बसवते, तिथे तो जांभया देतो. संघाचं गाणं मात्र झोपेतही म्हणतो. पोराला असं हरणाऱ्या संघाच्या नादी लावणं बरोबर आहे का? आणि हे थांबवू कसं?
– एक आई, निशिनोमिया

अगं, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी काही तटस्थ बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. यांच्या नोकरीपायी १९९९ ते २००१ अशी तीन वर्षं आम्ही अमागासाकीत काढली. तुमच्या निशिनोमियापासून हानशिन रेल्वेच्या लोकलनं पंधरा-वीस मिनिटांवर. त्याच तीन वर्षांसाठी टायगर्सनी नोमुरा कात्सुया हा नावाजलेला मॅनेजर आणला होता आणि तिन्ही वर्षं संघ सहांत सहावा आला. त्याआधीचंही फारसं सांगण्यासारखं नव्हतं. १९८७ ते २००१ या पंधरा मोसमांत दहा वेळा तळाला. आमच्या शेजारच्या आजी सकाळी पेपरातला लीगचा तक्ता उलटा धरून वाचायच्या. तसा धरला की टायगर्स सगळ्यात वर दिसतात म्हणून.

या आजींनीच मला पहिल्यांदा कोशिएनला, म्हणजे टायगर्सच्या घरच्या मैदानावर नेलं. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हातात पिवळा प्लास्टिकचा भोंगा, दुसऱ्या हातात काचिवारी, म्हणजे फोडलेल्या बर्फाची पिशवी. बर्फ वितळेल तसं पाणी नळीनं ओढायचं आणि मधूनमधून पिशवी मानेला लावायची. सातव्या डावात सगळे एकदम लांबडे फुगे फुगवायला लागले. चाळीसेक हजार माणसं गाल फुगवून बसलेली, हवेत रबराचा वास. मग एका क्षणी सगळे फुगे शिट्ट्या वाजवत वर गेले आणि दहा सेकंदांनी थुंकीनं ओले होऊन आमच्याच डोक्यावर पडले. (कोरोनानं २०२० मध्ये हा प्रकार बंद पाडला. तेव्हा मला पुण्यात बसून वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.)

आणि १२ जून १९९९ ची रात्र. समोर टोकियोचे जायंट्स, म्हणजे हाडवैरी. ४-४ अशी बरोबरी, म्हणून नेहमीच्या नऊ डावांपुढेही खेळ चालूच. अकरावा डाव संपला तेव्हा 'शेवटची गर्दी नको' म्हणून यांनी मला उठवलं. आम्ही स्टेशनच्या पायऱ्या चढतोय तोच मागून असा आवाज आला, की पुढचे लोक जिथल्या तिथे थांबले. शिंजो नावाचा फलंदाज होता. त्याच्याशी पंगाच नको म्हणून जायंट्सचा पिचर त्याला मुद्दाम बाहेर चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवत होता. तर या पठ्ठ्यानं तो बाहेरचाच चेंडू लांब होऊन गाठला, मारला आणि सामना संपला. ५-४. आजींनी पुढची दोन वर्षं माझी ओळख सगळीकडे 'अकराव्या डावात उठून गेलेली' अशी करून दिली.

त्या वर्षी संघ तळालाच राहिला. पण १९९९ म्हटलं की आमच्या गल्लीत कुणाला सहावा नंबर आठवायचा नाही, शिंजो आठवायचा. तू जिला हरणाऱ्या संघाचा नाद म्हणतेस ती गोष्ट आतून अशी दिसते. मोसमात १४३ सामने असतात. तळाचा संघसुद्धा त्यातले पन्नासेक जिंकतो. तू तक्ता वाचतेस, ओतोसान रात्री मोजतात.

इतर वाचकांना या संघाची कुंडली थोडी सांगायला हवी, नाहीतर तुझी काळजी त्यांना कळायची नाही. संघ १९३५ चा, मालकी रेल्वे कंपनीची. नावातलं 'हान' ओसाकाचं आणि 'शिन' कोबेचं. जपानात बारा संघ, सहा-सहांच्या दोन लीग आणि दोन्ही लीगमधून प्लेऑफ जिंकून आलेला एकेक संघ शेवटी जपान सिरीज खेळतो. टायगर्स तिथवर आठ वेळा पोचले आणि दोनदाच जिंकले, १९८५ आणि २०२३. १९६४ ची सिरीज सातव्या सामन्यापर्यंत गेली. तो सामना कोशिएनला १० ऑक्टोबरच्या रात्री झाला, म्हणजे टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. सगळा देश ऑलिम्पिक बघत होता आणि इकडे हे अर्ध्या रिकाम्या मैदानात हरत होते. तुझे ओतोसान तेव्हा पंधरा वर्षांचे असतील, विचार त्यांना कुठे होते ते. २००५ मध्ये चार सामन्यांत मिळून ३३-४ असा धुव्वा उडाला. आजही तिथे कुणाचा फज्जा उडाला की लोक नुसतं 'तेहतीस-चार' म्हणतात.

आणि १९८५. लीग जिंकल्याच्या रात्री ओसाकात दोतोनबोरीच्या पुलावर गर्दीनं एकेका खेळाडूचं नाव पुकारलं आणि त्याच्यासारखा दिसणारा माणूस खाली पाण्यात उडी मारायचा. नाव आलं रँडी बासचं, त्या वर्षी ५४ होमरन मारणाऱ्या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूचं. गर्दीत दाढीवाला गोरा आणायचा कुठून? म्हणून शेजारच्या केंटकी चिकनच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून पाण्यात टाकला. त्यानंतर संघाला जी उतरती कळा लागली, ती कर्नलचा शाप म्हणून सांगितली जाते. २००९ च्या मार्चमध्ये पुतळा गाळातून निघाला. चष्मा आणि डावा हात सापडला नाही. संघाला पुन्हा जपान जिंकायला त्यानंतरही चौदा वर्षं लागली, तेव्हा 'शाप चष्म्यात होता' असं म्हणणारेही निघाले. हे लोक हरण्याची गोष्टसुद्धा किती मन लावून सांगतात बघ.

आता तुझं पोर. तू दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहेस. त्याचं रडणं आणि त्यानं फेकलेली टोपी.

टोपीच्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे आणि त्यात काडीची सूट देणार नाही. माफी मागायची, नवी टोपी घेऊन द्यायची आणि ती त्याच्या खाऊच्या पैशांतून. ओतोसान चिठ्ठी वाचून हसले ही त्यांची चूक. टायगर्सवाल्यांच्या तोंडाला हाड नसतं हे मी कानांनी ऐकलेलं आहे. आमच्या त्या आजी एरवी मुंगीलासुद्धा 'सरक गं बाई' म्हणायच्या, पण स्टँडमध्ये अंपायरच्या कुळाचा उद्धार करायच्या. मोठ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं (सगळ्यांना नाही), नऊ वर्षांच्या मुलाला नाही. २००३ मध्ये लीग जिंकल्यावर त्याच पुलावरून हजारो लोकांनी उड्या मारल्या आणि त्यात एक तरुण गेला. हीसुद्धा या संघाचीच गोष्ट आहे. कर्नलची गोष्ट रंगवून सांगणाऱ्या आजोबांनी ही पण सांगायला हवी.

पण सून म्हणून तू त्यांना सुनवायला जाऊ नकोस. सरळ सांग, 'ओतोसान, त्या मुलाच्या घरी माफी मागायला तुम्ही याला घेऊन जाल का? तुमचं तो ऐकतो.' नाही म्हणणं त्यांना जड जाईल. आणि टायगर्सची टोपी घातलेला ७६ वर्षांचा माणूस जायंट्सवाल्याच्या दारात कमरेत वाकून उभा आहे, हे दृश्य तुझ्या लेकाला जन्मभर पुरेल. बावीस-दोनचं उत्तर काय द्यायचं तेही तिथून परत येताना तेच शिकवतील. त्यांनी साठ-सत्तर वर्षं ते दिलेलं आहे.

रडण्याचं म्हणशील तर मला त्यात काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. गेल्या वर्षी काय झालं ते आठव. ७ सप्टेंबरला लीग जिंकली, इतक्या लवकर आजवर कुणीच जिंकली नव्हती. जपान सिरीजचा पहिला सामना जिंकला. मग सलग चार हरले. शेवटचा घरच्या मैदानावर, २-० ची आघाडी घालवून, अकराव्या डावात. मी पुण्यात बातमी वाचली आणि हातातला चहा गार झाला. पोरानं रडू नये तर काय करावं? एका रात्रीचं जेवण चुकलं, चुकू दे. आठवडाभर झोप उडाली, शाळेला जाईना झाला, तर मात्र मला परत लिही.

एक करता येईल. ऑगस्टमध्ये कोशिएनला शाळांची राष्ट्रीय स्पर्धा असते, त्या दिवसांत टायगर्सनाच आपलं घर सोडून दौऱ्यावर जावं लागतं. तेव्हा एखाद्या दुपारी तिकीट काढून लेकाला घेऊन जा. तू ने, आजोबा नकोत. ४९ संघ येतात, ४८ हरून जातात. सामना हरला की सोळा-सतरा वर्षांची दांडगी पोरं मैदानात गुडघे टेकून बसतात, रडत रडत तिथली काळी माती मुठीनं बुटांच्या पिशवीत भरतात आणि घरी नेतात. तू काही समजावायला जाऊ नकोस. काचिवारी घेऊन दे आणि शेजारी बसून राहा.

आता १९९५ बद्दल. पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण निशिनोमियातल्या तुझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला १७ जानेवारी १९९५ ही तारीख चुकलेली नसणार. त्या भूकंपात एकट्या निशिनोमियात हजाराहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी शेजारच्या कोबेचा ओरिक्स संघ बाहीवर 'गान्बारो कोबे', म्हणजे 'जिद्द धरू या, कोबे' असं लिहून खेळला, पुढे अमेरिकेत गाजलेला इचिरो तेव्हा तरुण होता आणि त्यांच्यात होता, आणि त्यांनी लीग जिंकली. टायगर्स त्या वर्षी कितवे? सहावे. पडलेल्या घरांमध्ये राहणाऱ्या माणसाला हाकेच्या अंतरावर जिंकणारा संघ होता, आपल्याच दुःखाचं नाव बाहीवर लावून खेळणारा. तिकडे गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पुष्कळांनी दोघांनाही टाळ्या दिल्याच. ओतोसाननी काय केलं, मला माहीत नाही. तू विचार. लेकाच्या देखत विचार, जेवताना, टीव्ही बंद असताना. जे उत्तर येईल ते ऐकून मग ठरव, हे आजोबा नातवाला काय देतायत. माझा अंदाज आहे, पण तो सांगून मी त्यांची गोष्ट आधीच उष्टी करत नाही.

आता जरा तुझ्याबद्दल बोलू? रागावू नकोस. तुझ्या पत्रात सगळ्यात दुखरं वाक्य हरण्याबद्दल नाहीच. ते जांभयांबद्दल आहे. आजोबांचं गाणं झोपेत येतं आणि आईची भाषा जागेपणीही येत नाही, हे तुला लागलंय. बरोबर ना? मला लागलं असतं. मग चीड संघावर निघते, कारण सासऱ्यांवर काढता येत नाही.

पण बघ, ओतोसाननी त्याला बेसबॉल शिकवला कधी? शनिवारी दहा ते अकरा, वही-पेन घेऊन? त्यांनी नुसतं शेजारी बसवलं, बर्फाची पिशवी हातात दिली आणि आपण ओरडायला लागले. संघाचं गाणं कुणी पाठ करून घेतलं नाही. जिंकल्यावर सगळे म्हणतात म्हणून तो म्हणतो. 'रोक्को ओरोशी', रोक्कोच्या डोंगरावरून उतरणारा वारा. हरलेल्या संघाचं गाणं त्याला झोपेत येतं, याचा अर्थ तो रात्री जिंकत असतो.

तुझ्याकडे द्यायला काही कमी नाही, फक्त ते शनिवारच्या खिडकीत कोंडलंय. एक उदाहरण देते. २०२३ मध्ये ओकादा मॅनेजर होते. अठरा वर्षं लीग जिंकलेली नव्हती. 'विजेतेपद' हा शब्द उच्चारला की खेळाडू बिचकतात, म्हणून त्यांनी त्याला नुसतं 'अरे' म्हणायला सुरुवात केली. जपानीत अरे म्हणजे 'ते'. यंदा 'ते' करायचंय. सगळं कानसाई, म्हणजे ओसाका-कोबेकडचा भाग, वर्षभर 'ते, ते' करत राहिलं, शेवटी 'ते' झालं आणि 'अरे' हा त्या वर्षाचा गाजलेला शब्द म्हणून पहिला आला. तुझ्या लेकाला हे तोंडपाठ असणार. मग त्याला सांग, की तुझ्या पुण्याच्या पणजीनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, 'इकडून' म्हणायची. आणि रात्री घरात साप निघाला तरी साप म्हणायची नाही, 'जनावर' म्हणायची. बघ जांभई येते का. शिवाय आपलं 'अरे' आणि त्यांचं 'अरे', यावर तो स्वतःच चार विनोद करेल, त्यातले दोन वाईट असतील.

कोशिएनचंही तसंच. तिकडच्या जुन्या कालगणनेत साठ वर्षांचं चक्र असतं, त्यातल्या पहिल्या वर्षाचं नाव त्या मैदानाला दिलंय, कारण ते १९२४ मध्ये त्या वर्षी बांधलं. आपल्याही पंचांगात साठ संवत्सरं असतात, प्रभव पहिलं. त्याचे पुण्याचे आजोबा पाडव्याला संवत्सराचं नाव वाचत असतील तर दोन्ही आजोबा एकाच कालगणनेचे निघाले की!

पुण्याच्या आजोबांचा विषय निघालाच आहे तर माझा खरा सल्ला हा. शनिवारची शाळा चालू ठेव, तिच्याकडून फार आशा धरू नकोस. मार्चअखेर मोसम सुरू झाला की लेकाला एक काम दे: घरच्या सामन्याच्या वेळी पुण्याला फोन लावून आजोबांना धावतं समालोचन करायचं. मराठीत, कारण आजोबांना जपानी येत नाही. त्यांना बेसबॉलही कळत नाही, ते तर फारच उत्तम. ते विचारणार, 'अरे पण मारला तर पळाला का नाही?' 'आउट झाला तर टाळ्या कसल्या?' मग याला सांगावं लागेल, की त्यानं मुद्दाम हळू टोला मारून स्वतः बाद होऊन पुढच्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. याला मराठीत काय म्हणायचं, ते दोघं मिळून ठरवतील. आजोबा क्रिकेटची उपमा देतील, ती चुकेल, नातू चिडेल आणि चिडून मराठी बोलेल. चिडल्यावर भाषा फार भराभर येते, हे मी अमागासाकीच्या भाजीबाजारात स्वतःवर करून बघितलंय.

एवढं सांभाळ. रात्रीचे सामने तुमच्याकडे सहाला सुरू होतात, म्हणजे पुण्यात अडीच. त्या वेळी फोन उचलला जाणार नाही, पेठेतल्या घरी तर नाहीच. आजोबांना झोपू दे. सातवा डाव आठाच्या सुमाराला येतो. तेव्हा इकडे साडेचार वाजलेले असतात आणि चहा झालेला असतो.

– सुमनताई